शून्याच्या जागी एक

परवा कूलर माळ्यावरून खाली काढला. मागच्या वर्षीचं गवत काळं पडून कडक झालं होतं. ते उपटून फेकलं, नवं बसवलं, टाकीत चार बादल्या पाणी ओतलं आणि खटका दाबला. पहिला वारा आला तो ओल्या गवताचा वास घेऊनच. गल्लीतल्या लोकांना ह्या वासानं जिवात जीव येतो. माझ्या कपाळाला आठी पडते. कारण मागचा सगळा उन्हाळा मी ह्याच वाऱ्यापुढं, ह्याच प्लास्टिकच्या खुर्चीत, एका लॅपटॉपशी भांडण्यात घालवला. भांडण कशावरून, तर एका आकड्यावरून. शून्य का एक, एवढंच.

माणसानं जन्मभर लोखंडाशी झगडावं आणि म्हातारपणी आकड्याशी, हे काय बरं नाय. लोखंड निदान कुठं अडलंय ते दाखवतं.

आमच्या गल्लीत लग्नसराई पत्रिकांच्या आधी आमच्या घरी यायची. मीनाची आई, म्हणजे माझी बायको, गल्लीची सुमनताई, ब्लाऊज शिवायची. होळी झाली की बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. औरंगपुऱ्यातून आणलेलं अस्तर, साड्यांतून कापलेले तुकडे, खडू, हुकांच्या पुड्या, आणि मधोमध ती, गळ्यात टेप टाकून. मी वाळूजच्या कारखान्यातून पाळी करून यायचो तर माझ्या खाटेवर कुणाची तरी पैठणी झोपलेली असायची. "उचलू नका, घडी मोडंल," असं ऐकावं लागायचं. पैठणी खाटेवर आणि मी चटईवर. असे आमचे उन्हाळे गेले. तेव्हा चिडचिड व्हायची. आता खाट मोकळी आहे, दोन जण झोपतील एवढी, आणि चिडचिड तीच आहे.

तिची शाळा दुसरीपर्यंत, माझी सातवीपर्यंत. तिला आकडे लिहिता यायचे, अक्षरांचा कंटाळा. पण नुसत्या आकड्यांवर तिचा भरवसा नव्हता. "टेप खोटं बोलत नाय, पर बाई बोलती," असं म्हणायची. एखादी माप देताना श्वास रोखून उभी राहते. एखादी तिथं ताठ आणि घरी गेल्यावर पोक काढून वावरते. एखादी म्हणते घट्ट शिव, आणि घट्ट शिवलं की उसवायला आणते. म्हणून टेपचा आकडा वहीत आणि त्याच्यावरचं एक बोट सैल, अर्धं बोट आत, असलं सगळं तिच्या डोक्यात. गल्लीतल्या शंभरेक बायांची अंगं तिला तोंडपाठ होती.

पन्नाशी उलटली तशी डोक्यात गल्लत व्हायला लागली. एकीचं बोट दुसरीला लागायचं. तेव्हा मीनानं, आमच्या लेकीनं, आईसाठी एक प्रोग्राम बनवला. मीना पुण्याला कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. प्रोग्राममध्ये बाईचं नाव, फोटो, आकडे, आणि शेजारी एक बटण. ते दाबायचं आणि बोलायचं. जे लिहिता येत नाही ते सांगून ठेवायचं. पुन्हा दाबलं की तेच ऐकू यायचं.

माझ्या बायकोला ते बटण असं काही आवडलं की विचारू नका. मी दारात चप्पल काढायचो तर आतून आवाज यायचा, "कमलचं चौतीस लिवलंय. पर ती श्वास धरून ठिवती. एक बोट सैल धर. आन् तिला सांगू नको, नायतर रुसती."

"कुणाशी बोलती गं?" मी विचारायचो.

"मशीनशी. ते तरी ऐकून घेतं."

मागच्याच्या मागच्या थंडीत ती गेली. पंधरा दिवस दुखणं, सोळाव्या दिवशी काही नाही. त्याच्यावर जास्त लिहिणार नाही. घरी बुद्धवंदना झाली, पांढऱ्या साड्या नेसून गल्लीतल्या बाया आल्या, आणि माझ्या मनात काय आलं, तर ह्या सगळ्यांचे ब्लाऊज तिनंच शिवलेत. एवढे ब्लाऊज एका जागी बसलेले मी पहिल्यांदाच बघत होतो. कुणाच्याही ब्लाऊजला कुठं चुण्या पडत नव्हत्या.

ती गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटरही महिनाभरात बसला. मीना ऑफिसातला जुना लॅपटॉप घेऊन आली. त्या जुन्या डब्यातलं सगळं त्यात उतरवून घेतलं, प्रोग्राम नव्यानं बांधला. मी उघडून बघितलं. नावं होती, फोटो होते, आकडे होते. बटण नव्हतं.

"आवाजाचं काय झालं?"

"तो ह्या लॅपटॉपवर चालत नाही, आबा." बोलताना ती वायर गुंडाळत होती. माझ्याकडं बघितलं नाही.

"दुसऱ्या कशानं वाजंल का?"

"नाही. ते सगळं एकाच फायलीत बांधलेलं आहे. ह्या प्रोग्रामशिवाय उघडत नाही."

पदवीधर लेकीपुढं सातवी पास बाप काय बोलणार? तिनं सांगितलं चालत नाही, म्हणजे चालत नाही. मला काय, मला फक्त वाटलं होतं, संध्याकाळी एखादी बाई उघडून ऐकावी. कुणाचीही. मला कुठं ब्लाऊज शिवायचा होता.

मग आला तो उन्हाळा.

लग्नं काही थांबत नाहीत. बायांनी शेजारच्या गल्लीतले टेलर मास्टर धरले. मास्टर सत्तरीचे, हात चांगला, बोलणं दख्खनी. बाया माझ्याकडं यायच्या, "भाऊ, ताईनं घेतलेलं माप तेवढं लिहून द्या, नव्यानं कोण देत बसंल." मी लॅपटॉप उघडायचो, नाव शोधायचो, फोटो बघून खात्री करायचो, आणि चिठ्ठीवर आकडे उतरवून द्यायचो. रिटायर माणसाला तेवढंच काम. मला बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

आठ दिवसांत कमलबाई दारात. ही अंगणवाडीत काम करते, आवाज त्याच मापाचा. पिशवीतून ब्लाऊज काढला आणि माझ्या तोंडापुढं धरला.

"भाऊ, हे काय हाय?"

"ब्लाऊज हाय."

"माझ्या भाचीच्या लग्नात मी हात वर करायला गेले आन् जाईनाच, टाचणीसारखी उभी राहिले. अक्षता पण खालच्या खाली टाकल्या. सुमनताई असती तर असं झालं असतं का?"

"आकडे तिनंच लिवलेले दिलेत."

"मग ताई चुकली म्हणायचं?"

मी तसाच उठलो आणि मास्टरांकडं गेलो. त्यांनी चिठ्ठी काढून दाखवली. "भाऊ, नंबर तो यहीच था. चौतीस का चौतीसच सिया मैं. आपकी बीवी का नंबर गलत नै, लेकिन कुछ तो बाकी है इसमें."

बाकी काय आहे ते मला माहीत होतं. बोट बाकी होतं. पण कुणाचं किती, ते मला कुठं पाठ होतं? मी कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. तीस वर्षं ती बोलत होती आणि मी चप्पल काढत होतो.

त्यानंतर बाया कमी झाल्या. तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण पाणी भरताना कानावर आलंच, सुमनताईच्या मापात आता दम राहिला नाय. ह्या वाक्यानं माझी झोप गेली. बाई गेली ती गेली, आता तिच्या हाताचं नावही जाणार, आणि ते माझ्या चिठ्ठ्यांनी.

दुसरं म्हणजे कुणाला कधी चिठ्ठी दिली ती तारीख लिहावी म्हटलं, तर तारखेची जागाही प्रोग्राममधून गायब. आधी तिथं छोटं कॅलेंडर उघडायचं. एका रविवारी सकाळी मीनाला फोन लावला.

"ते पण काढलं होतं मी," ती म्हणाली. "हलकं करायला. तुम्ही घालू शकता आबा, मी सांगते तसं करा."

आणि तिनं मला जे सांगितलं त्यानं माझा सगळा मे महिना खाल्ला.

गोष्ट अशी. खिडकी, बटण, यादी, कॅलेंडर, हे मीना एकेक घडवत बसत नाही. त्याचं तयार सामान मिळतं. कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल असं. पण ते सामान आपल्यासाठी बांधून घेताना आधीच सांगावं लागतं, ह्यातलं काय पाहिजे आणि काय नको. त्याची एक फाईल असते. शेकडो ओळी. प्रत्येक ओळीत एका वस्तूचं नाव, पुढं आकडा. एक म्हणजे पाहिजे. शून्य म्हणजे नको. मग बांधायला लावायचं. बांधून झालं की झालं, नंतर विचार बदलला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं बांधायचं.

"म्हणजे डाय," मी म्हणालो.

"काय?"

"काय नाय. समजलं."

वाळूजला मी प्रेसवर डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवायचो. पत्र्याला चार भोकं पाहिजेत का पाच, ते डाय बनवतानाच ठरतं. प्रेस चालू झाल्यावर तिला कितीही शिव्या द्या, ती पाचवं भोक पाडत नाय. हे मला पुण्याच्या कंपनीनं शिकवायची गरज नव्हती. इंग्रजी अक्षरं ड्रॉइंग वाचून वाचून ओळखीची होती. शून्य आणि एक तर होतेच. मला वाटलं, तासाभराचं काम.

पहिल्या दिवशी ओळ सापडली, शून्य खोडून एक केलं, बांधायला लावलं. लॅपटॉपचा पंखा असा घुमायला लागला की कूलर लाजला. पडद्यावर ओळी पळत होत्या. त्यांच्याकडं बघत दोन तास बसलो. झालं. उघडलं. कॅलेंडर नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. बाहेर ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी, आत कूलरचं पाणी आटत आलेलं, आणि मी पुन्हा दोन तास. कॅलेंडर नाही. मीनाला फोन.

"आबा, कुठल्या फोल्डरमधली फाईल बदलली?"

सांगितलं.

"अहो ती मूळ प्रत आहे. बांधताना ती बघतच नाही. तिची कॉपी दुसरीकडं आहे, ती बदलायची."

हे ऐकून मी फोन ठेवून दिला. कारण ही चूक मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांची काढली होती. ऑफिसातल्या ड्रॉइंगवर साहेब सुधारणा करायचा आणि खाली आमच्या हातात जुनीच प्रत. मग माल भंगारात. "आधी बघा, हातातली प्रत कुठली," असं मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचो. आणि दोन दिवस मीच ऑफिसातलं ड्रॉइंग खोडत बसलो होतो.

तिसऱ्या दिवशी बरोबर प्रत बदलली. तर बांधणं अर्ध्यात थांबलं आणि पडद्यावर तांबडं. मी त्याचा फोटो पाठवला तेव्हा मीनानं वाचून सांगितलं, कॅलेंडर पाहिजे तर तारखेचा हिशेब ठेवणारी आणखी एक वस्तू पाहिजे, तिची ओळ पण एक करा. मी खाली खाली जाऊन ती शोधली. ती एक केली तर तिला आणखी एक लागत होती. म्हणजे सोयरीक आहे का काय? नवरदेव पाहिजे म्हटलं तर त्याचे तीन मामा, चार आत्या पण घ्या. आणि आधीच का नाय सांगत, बाबा? निम्मं बांधून झाल्यावर कशाला सांगतो?

चौथ्या दिवशी सत्तर टक्क्यांवर लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी माझ्यासारखीच, आधाराशिवाय दोन मिनिटं. कूलरही बंद. मी अंधाऱ्या खोलीत घामानं भिजत बसलो आणि मोठ्यानं शिवी दिली. सवयीनं वाटलं, आतून आता आवाज येईल, "घरात बायामाणसं हायेत." आला नाही.

पाचव्या दिवशी सगळं बांधून झालं, तर प्रोग्राम उघडायचा आणि डोळा मिटायच्या आत मिटायचा. त्याचं कारण मीनानं असं सांगितलं की सामान नव्या मापाचं झालं पण प्रोग्राम जुन्याच मापाचा राहिला, दोन्ही एकाच मापानं बांधायला लागतात. हे वाक्य मात्र मला पटलं. अंगाचं माप एक आणि अस्तराचं दुसरं, तर उसवणारच. मीनाच्या आईनं हे पहिल्या झटक्यात सांगितलं असतं.

सहाव्या दिवशी कॅलेंडर आलं. आनंद वगैरे काही झाला नाही. मी एवढा बेजार झालो होतो की तारीख घालायचीच विसरलो.

पण ह्या सगळ्यात फाईल वर-खाली करताना एक गोष्ट माझ्या नजरेत भरली होती. मीनानं जिथं जिथं शून्य केलं होतं, तिथं तिथं शेजारी कारण लिहून ठेवलं होतं. इंग्रजी अक्षरात, पण बोली आपली. कुठं 'नको, जड होतं'. कुठं 'आईला लागत नाही'. कुठं 'नंतर बघू'. लेक कामाला चोख आहे, हे बघून बरं वाटायचं. आणि एका ओळीत शून्य होतं, पण कारण नव्हतं. मी चष्मा पुसून ते नाव एकेक अक्षर जुळवून वाचलं. साउंड.

चालत नाही, असं नव्हतं. नको, असं होतं.

फोन लावला. ती ऑफिसात होती. "आबा, अर्जंट आहे का?"

"आवाज चालत नाय म्हणालीस. इथं तर तू शून्य लिवलंय."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज, दार उघडल्याचा, जिन्यातला घुमारा.

"हो. मी लिहिलंय."

"खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू?"

"आईचा आवाज तुला नको झाला?"

मी असंच बोललो. मला गोल गोल बोलता येत नाही, आणि बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"प्रोग्राम बांधला की तपासावा लागतो, आबा. प्रत्येक बटण दाबून बघावं लागतं. मी कमलमावशीचं उघडलं आणि दाबलं. पहिलाच शब्द आला. पुढं मला बघता येईना."

"मग बंद करून ठिवायचं. काढून कशाला टाकलं?"

"बंद केलं असतं तर बटण दिसलं असतं. दिसलं असतं तर मी दाबलंच असतं. रोज. मला नोकरी करायची आहे, आबा."

मग तिनं मला समजावलं. प्रोग्राममध्ये तिनं असं लिहून ठेवलं होतं की सामानात आवाज असेल तरच बटण बनव. नसेल तर बटणाची जागाच ठेवू नको. म्हणजे पडद्यावर रिकामी चौकटसुद्धा नाही. शेजारच्या वस्तू सरकून बसतात, आणि तिथं कधी काही होतं हे नव्या माणसाला कळत नाही.

हे मी पुष्कळ दिवस चघळत बसलो. कूलरपुढं, लाईट असताना आणि नसताना. बंद असणं वेगळं आणि मुळातच नसणं वेगळं. आमच्या घरात मीनाची आई बंद आहे. तिची शिलाई मशीन आहे, तिच्यावर आच्छादन आहे. खिळ्याला टेप आहे. कपाटात अर्धवट कापलेली एक बाही आहे, कुणाची ते कुणालाच माहीत नाही. जिकडं जाल तिकडं रिकामी जागा तिच्या आकाराची. मी रोज तिला अडखळतो. लेकीनं बिचारीनं असं एक ठिकाण बनवलं होतं, जिथं अडखळायला काही नव्हतं. त्यात तिचं काय चुकलं? पण मग मला राग का येत होता? कारण ते ठिकाण माझ्या घरात बनवलं होतं. मला न विचारता.

आणि खरं सांगायचं तर राग तिच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. बायकोचा आवाज पाहिजे म्हणून हा म्हातारा लेकीवर डाफरतोय. बायको जिवंत असताना ह्याच म्हाताऱ्यानं तिच्या बोलण्यापुढं कायम शून्य लिहिलं होतं. कारण न लिहिता.

दोन दिवसांनी मीनाचाच फोन आला. "करायचं तर करा आबा. फक्त माझ्या कॉपीला हात लावू नका. सगळ्याची दुसरी प्रत काढा आणि तिच्यात करा. आणि झालं की मला सांगू नका."

तसं केलं. आख्ख्या सामानाची दुसरी प्रत वेगळ्या फोल्डरात काढली. हातातली प्रत कुठली, ते तीनदा तपासलं. कारण नसलेल्या त्या शून्याच्या जागी एक लिहिलं. अर्थातच आवाजाला आणखी दोन सोयरे लागत होते, अर्थातच ते निम्म्यावर कळलं. लाईट दोनदा गेली. एकदा मीच वैतागून सगळं बंद केलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी प्रोग्राम उघडला, कमलबाईच्या फोटोवर गेलो, तर शेजारच्या वस्तू थोड्या सरकल्या होत्या आणि मधे बटण होतं.

कमलबाईचं एक बोट मी चिठ्ठीवर लिहून दिलं. मास्टरांनी वाचलं आणि मान हलवली. "देखो, अब पूरा हुआ." कमलबाईला कारण सांगितलं नाही. सांगायचं नसतं, हे मीही ऐकलं होतं. नवा ब्लाऊज घालून ती दारात आली, दोन्ही हात वर करून दाखवले आणि म्हणाली, "मास्टरचा हात बसला बघा आता." मी म्हणालो, व्हय.

नंतर मी एकेक बाई रोज ऐकत गेलो. वीस-पंचवीस झाल्या असतील. एका बाईच्या मापात मागून मी आहे. "बंद कर ती बडबड, पाळी करून आलोय." स्वच्छ ऐकू येतं, तिच्यापेक्षाही स्वच्छ. तिचं बोलणं तिथं तुटतं, आणि त्या बाईच्या बाहीचं काय करायचं ते राहूनच जातं. ती बाई कधी चिठ्ठी मागायला आली तर तिला काय सांगणार, हे मला अजून सुचलेलं नाही.

हे सगळं मागच्या उन्हाळ्यातलं. आता पुन्हा तेच ऊन आहे, तोच कूलर आहे. पडद्यावर प्रोग्राम उघडायची दोन चित्रं शेजारी शेजारी आहेत. एक मीनाचं, बिनआवाजाचं. एक माझं. वर्षभरात तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काल मीना आली. करमाडला तिच्या मामाच्या मुलीचं लग्न आहे. मीनाचं ब्लाऊजचं कापड आधीच मास्टरांकडं दिलेलं. तिनंच इथं बसून आपलं चित्र उघडलं, आपलं नाव काढलं, आकडे लिहिले आणि चिठ्ठी दिली. संध्याकाळी ब्लाऊज आला. आत जाऊन घालून बघितला आणि बाहेर आली ती उजवा खांदा चाचपत.

"आबा, उजवीकडं ओढतंय. आईनं शिवलेले कधीच ओढायचे नाहीत."

"आकडे बरोबर लिवले का?"

"बरोबर आहेत. पण काहीतरी बाकी आहे."

काय बाकी आहे ते मला ठाऊक होतं. तिचं माप मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं. सांगू शकलो असतो, दोन शब्दांचं काम. पण मला वाटलं, हे माझ्या तोंडून जायचं नाय.

ती लॅपटॉपपुढं बसली. आपल्या चित्राकडं बघितलं, मग शेजारच्या. बराच वेळ तिचा हात माऊसवर नुसता ठेवलेला होता. बाहेर अजून झळा येत होत्या. मी उठलो आणि कूलर बंद केला. पंखा घरघरत थांबला, पाण्याचं टपटपणं तेवढं राहिलं.

तिनं दुसरं चित्र उघडलं. आपलं नाव काढलं. बटण दाबलं.

आधी टेप झटकल्याचा आवाज आला. मग ती.

"सरळ उभी राहा गं. खांदा पाडू नको, दप्तर उचलून उचलून उजवा खाली गेलाय तुझा. सरळ."

खुर्चीत बसलेली मीना ताठ झाली.